मान्यता देणार

सोमवार, १८ जानेवारी २०१०, दुपारचे बारा वाजून दहा मिनिटे. अक्काच्या दारात दोन स्त्रिया उभ्या होत्या आणि त्यांच्या पिशवीत पाच नारळ होते. मी मागच्या अंगणात पाण्याच्या मोटरीचे बेअरिंग बदलत होतो. हात ग्रीसने माखलेले असल्यामुळे बाहेर आलो नाही. परंतु मधले दार उघडे होते आणि बोलणे स्पष्ट ऐकू येत होते.

"मगदूम आप्पांचं घर हेच न्हवं?"

"हेच की. ते बाजारात गेल्यात. मी त्यांची थोरली भावजय. आत या."

"मी सुभेदार निकमांची मंडळी. ही माझी जाऊ. परवा पंचमीला भूमिपूजन धरलंय. आमच्यात ज्यानं जागा दिली त्याच्या घरचा पहिला नारळ असतोय. आप्पा म्हणत हुते, तुम्ही कशाला येताय, मीच येतो पूजेला. पण घरच्या बाईला कुंकू लावून सांगितल्याबिगर बरं दिसत न्हाई."

"मला न्हाई लावायचं," अक्का म्हणाली. "धाकटी जाऊ माहेरी गेलीया."

अक्काचे यजमान जाऊन त्या वेळी बारा वर्षे झाली होती.

"मग नारळ तरी घ्या."

"द्या. कुठली जागा म्हणायची ही?"

"कालव्याकडची की. चिंचेच्या अंगाची, कोपऱ्याची. दोन गुंठं."

मी हातातला पाना खाली ठेवला. आता अक्का काहीतरी बोलेल, असे मला वाटले. ती म्हणाली, "चहा ठेवते. साखर चालती न्हवं?"

त्यांनी चहा घेतला. सुभेदारांची लष्करातली अठ्ठावीस वर्षे, मिळालेला फंड, पुण्याला असलेली मुलगी, सगळे अक्काने शांतपणे ऐकून घेतले. त्या गेल्यावर ती नारळ हातात धरून अंगणात आली.

"भूपा," ती म्हणाली, "माझी जागा इकली गेली वाटतं."

ती जागा अक्काच्या नावावर होती. माझे मेहुणे जिनगोंडा मगदूम साखर कारखान्यात फिटर होते. १९८६ साली त्यांनी ती खरेदी केली ती मुद्दाम पत्नीच्या नावाने. नोंदणीच्या दिवशी मी स्वतः तेथे हजर होतो. तंत्रनिकेतनाची पदविका घेऊन मी तेव्हा नुकताच नोकरीला लागलो होतो. मेहुणे गेल्यापासून अक्का दिराच्या, म्हणजे आप्पासाहेबांच्या घरात एका खोलीत राहत होती. जागेचा कर आप्पा भरत आणि पावत्या त्यांच्याच नावाने निघत. अक्काला मूल नव्हते. या जगात तिच्या एकटीच्या नावावर असलेली एवढी एकच वस्तू होती.

मंगळवारी सकाळी मी नोंदणी कार्यालयातून दस्ताची नक्कल काढली. दिनांक ९ डिसेंबर. "लिहून देणार यांचे मालकीची व प्रत्यक्ष वहिवाटीची मिळकत." खाली आप्पांचा फोटो, आप्पांचा अंगठा, आप्पांची सही. नोंदणी करणारा अधिकारी समोरची माणसे तीच आहेत ना, एवढे पाहतो. जागा कोणाची, हे तपासणे त्याचे काम नसते, हे मला त्या दिवशी समजले.

नक्कल आणि अक्काचे मूळ खरेदीखत घेऊन आम्ही दोघे पोलीस ठाण्यात गेलो. निरीक्षक वयाने माझ्याहून बरेच लहान, परंतु वाचणारे होते. त्यांनी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले.

"सही कुणाची आहे?"

"त्यांचीच."

"फोटो?"

"त्यांचाच."

"अंगठा?"

"तोही त्यांचाच."

"मग बनावट काय झालं?"

"जागा त्यांची नाही, साहेब."

"ते खोटं विधान झालं. त्यानं तुमच्या बहिणीची सही मारली असती, किंवा कुणा बाईला उभी करून हीच ती म्हणून सांगितलं असतं, तर दस्त बनावट ठरला असता. हा माणूस स्वतःच्या नावानं, स्वतःच्या तोंडानं खोटं बोललाय. वरच्या कोर्टानं गेल्याच वर्षी यातला फरक स्पष्ट केलाय."

"पण फसवणूक तर झाली."

"झाली की. कुणाची?"

मी अक्काकडे बोट केले.

"नाही," निरीक्षक म्हणाले. "आजी, त्यानं तुम्हाला काही खोटं सांगून तुमच्याकडून काही काढून घेतलं का?"

"मला त्यानं काय सांगितलंच न्हाई," अक्का म्हणाली.

"म्हणजे तुम्ही फसला नाही. मी मालक आहे असं ज्याला सांगितलं आणि ते खरं मानून ज्यानं पैसे दिले, तो फसला. तो सुभेदार. त्यानं तक्रार दिली तर चारशेवीस मी आज लावतो. तुमची जागा कायद्यानं अजून तुमचीच आहे. दिवाणी कोर्टात जाऊन दस्त रद्द करून घ्या."

"आणि तोवर त्यांनी बांधकाम केलं तर?" मी विचारले. "दिवाणीला किती वर्षं लागतील?"

त्यांनी माझ्याकडे पाहिले. "तुमचं वय काय?"

"अठ्ठेचाळीस."

"मग तुम्हाला निकाल बघायला मिळेल," ते म्हणाले आणि अक्काकडे पाहायचे टाळले. अक्का तेव्हा चौसष्ट वर्षांची होती.

त्या संध्याकाळी आप्पा घरी आले. आम्ही कुठे जाऊन आलो हे त्यांना कळलेले होते. ते पाट मांडून जेवायला बसले. आम्हा जैनांत दिवस मावळायच्या आत जेवण व्हायलाच हवे.

"पाहुणं, बसा. दोन घास खाऊन घ्या."

"माझं झालंय. आप्पा, जागा विकली?"

"इकली."

"अक्काची जागा."

"दादाच्या पैशाची जागा," ते भाकरी मोडत म्हणाले. "दादाला शिकवला कुणी? आमच्या बानं. कारखान्यात लावला कुणी? आमच्या चुलत्यानं. कर भरला कुणी? मी. नाव वहिनीचं लावलं, एवढंच. कोर्टात जायचं तर जावा. मी काय दुसऱ्याची सही केली न्हाई."

"ते आम्हाला पोलिसांनीही सांगितलं."

"सांगणारच. मी वकिलाला इच्यारूनच केलंय सगळं." त्यांनी पाण्याचा घोट घेतला. "आणि समजा सुभेदारानं तक्रार दिली. समजा मी आत गेलो. मग ह्या घराची कडी वहिनीला कोण काढणार? तुम्ही कोल्हापूरला दोन खोल्यांत ऱ्हाता."

हे बोलताना त्यांचा आवाज मुळीच चढला नव्हता. अक्का चुलीपाशी बसून त्यांच्यासाठी दुसरी भाकरी थापत होती. तिने ती त्यांच्या ताटात वाढली.

बुधवारी पंचमी. सकाळी मी कालव्यावर पोहोचलो तेव्हा खुंट्या ठोकून झाल्या होत्या, पांढऱ्या फकीने पायाच्या रेषा आखल्या होत्या, आणि चिंचेखाली सतरंजीवर गुरुजी साहित्य मांडत होते. आप्पा फेटा बांधून मानाच्या जागी बसले होते. सुभेदार दौलतराव निकम उंच, ताठ, पांढऱ्या मिशांचे गृहस्थ. मी त्यांना बाजूला बोलावून अक्काचे खरेदीखत हातात दिले.

त्यांनी चष्मा लावला. पहिले पान वाचले, दुसरे वाचले, परत पहिल्यावर आले.

"गुरुजी, पाच मिनटं थांबा," ते म्हणाले. मग मला म्हणाले, "तुम्ही कोण?"

"या बाईंचा सख्खा भाऊ. भूपाल चौगुले."

"आणि हे मला आज दाखवताय? पूजेच्या दिवशी?"

"मला परवा दुपारी कळलं. तुमच्या मंडळींनी नारळ आणला म्हणून कळलं."

त्यांची पत्नी पलीकडे आरतीचे तबक धरून उभी होती. त्यांनी एकदा तिच्याकडे पाहिले आणि मग आप्पांना हाक मारली. आप्पा फेटा सावरत आले.

"सुभेदारसाहेब, घरातली गोष्ट आहे," ते हसत म्हणाले. "पाहुण्यांना बहिणीची माया आली, दुसरं काय न्हाई. वहिनी काय म्हणती ते इच्यारा की. तिची काय तक्रार न्हाई."

"आप्पा, हा कागद खरा का खोटा?"

"कागद खरा. पण नुसता नावाला. घर एक, चूल एक. आता माझं ऐका." आप्पांनी आवाज उतरवला, तरी मला ऐकू येत होते. "तुम्ही ठाण्यात गेला तर मी आत. मग तुमचं पैसं कुठनं येणार? मी आत बसून काय देणार तुम्हाला? जागाही न्हाई, पैसाही न्हाई. आणि गप बसला तर आज पाया खणा, दिवाळीला आत ऱ्हायला या. म्हातारी कोर्टात जाती व्हय? जन्मात तालुक्याच्या बाहेर गेली न्हाई ती."

सुभेदारांच्या कपाळावर एक शीर उठून आली होती. अठ्ठावीस वर्षांचा फंड त्या दोन गुंठ्यांत गेला होता, आणि आप्पांनी सांगितलेला हिशेब चुकीचा नव्हता. मला तो माणूस त्या क्षणी आप्पांच्या बाजूला सरकताना दिसत होता.

"मी पलटणीत कागद कधी वाचला नाही," ते हळूहळू म्हणाले. "कागद क्लार्क वाचायचा. मी माणूस बघायचो. तुम्हाला बघून मी पैसे दिले, आप्पा."

"मग आता काय बदललं? माणूस तोच हाय की."

सुभेदारांनी एकदा फकीच्या रेषेकडे पाहिले.

"ठीक आहे. तुम्ही म्हणता बाईंची तक्रार नाही. मग बाईंची सही आणा. उद्या अकरा वाजता नोंदणी कार्यालयात. दुसरा दस्त करू. तुम्ही देणार, मी घेणार, आणि त्या मान्यता देणार. सही झाली की मी पाया खणतो." मग ते माझ्याकडे वळले. "आणि सही झाली तर तुम्ही पुन्हा या जागेत पाय ठेवायचा नाही."

"नाही ठेवणार," मी म्हणालो.

"आजच वकिलाकडनं लिवून घेतो," आप्पा म्हणाले. त्यांनी क्षणाचाही विचार केला नाही. अक्का सही करणार याची त्यांना खात्री होती.

ती खात्री खोटी नव्हती. दुपारी मी अक्काला सगळे समजावून सांगितले. कागदावर आकृती काढून सांगितले: ही जागा, हा पहिला दस्त, हा उद्याचा दस्त. उद्या सही केलीस तर सुभेदार फसलेले राहत नाहीत, आप्पा सुटतात, आणि जागा कायमची जाते. तिने आकृती नीट पाहिली.

"सही करते मी," ती म्हणाली.

"अक्का."

"त्याची दोन्ही पोरं मी न्हाऊ घातली. मोठ्याला गोवर आला तवा एकवीस दिस मांडीवर घेऊन बसले. त्यांच्या बापाला आत घालू?"

"तू कुठं घालतेस? त्यांनी केलंय ते."

"तू शिकलेला हाईस, तुला तसं दिसतं. मला ह्याच गावात तोंड घेऊन फिरायचं हाय." मग थोड्या वेळाने म्हणाली, "तुझ्या दाजीनं घेतली, त्याच्या भावाला गेली. काय वाया गेली न्हाई."

मी रागाने उठून बाहेर गेलो. उरलेली मोटर मी त्या दिवशी जोडली नाही.

गुरुवारी अकरा वाजता आम्ही सगळे नोंदणी कार्यालयाच्या बाकावर होतो. आप्पा, त्यांचे वकील, सुभेदार आणि त्यांच्या पत्नी, अक्का, मी. अक्काने इरकली लुगडे नेसले होते. आप्पांनी तिच्यासाठी बाहेरून चहा मागवला. तिने तो बशीत ओतून घेतला. वकिलांनी दस्त तयार आणला होता. सुभेदारांनी तो हातात घेतला आणि त्या दिवशी मात्र शेवटच्या ओळीपर्यंत वाचला. वाचून दस्त वकिलांना परत दिला.

आमचा क्रमांक आला. टेबलापलीकडे दुय्यम निबंधक म्हणून एक तरुण बाई होत्या. त्यांनी आप्पांना विचारले, दस्त वाचला का, मजकूर मान्य आहे का. आप्पा म्हणाले, मान्य. सुभेदारांना विचारले. तेही मान्य म्हणाले. मग त्यांनी चेहरा अक्काकडे वळवला.

"मान्यता देणार, पद्मावती जिनगोंडा मगदूम. दस्त वाचला का?"

"वाचलाय त्यांनी," आप्पा म्हणाले.

"मजकूर मान्य आहे?"

"मान्य आहे."

निबंधकबाईंनी पेन खाली ठेवले. "काका, मी त्यांना विचारतेय. त्यांनाच बोलू द्या. आजी, तुम्ही वाचलंत का?"

"न्हाई," अक्का म्हणाली. "मला कुणी दिला न्हाई."

"वाचता येतं?"

"सावकाश येतं."

"मी वाचून दाखवते." त्या नेहमीच्या सवयीने भराभर वाचत गेल्या. मिळकतीचे वर्णन, चतुःसीमा, पहिल्या दस्ताचा क्रमांक. आप्पा घड्याळ पाहत होते. "...सबब मान्यता देणार या दस्ताने लिहून देतात की, सदर मिळकतीत मान्यता देणार यांचा कोणताही हक्क, हिस्सा वा हितसंबंध यापूर्वी कधीही नव्हता व आजरोजी नाही..."

"थांबा," अक्का म्हणाली. "तेवढं परत वाचा."

त्यांनी परत वाचले. या वेळी सावकाश.

अक्का टेबलाच्या कडेवर हात ठेवून उभी होती. "माझी कधीच नव्हती, असं लिवलंय?"

"कायद्याची भाषा असती तशी, वहिनी," आप्पा म्हणाले. "सगळ्याच कागदात असतंय ते. करा सही."

"असं लिवा," अक्का निबंधकबाईंना म्हणाली, "का जागा माझी हुती, आणि आता मी दिली. लगेच सही करते."

निबंधकबाईंनी वकिलांकडे पाहिले. "मजकूर बदलून आणायचा असेल तर आणा. मी पुढचा नंबर घेते तोवर."

वकील जागचे हलले नाहीत. आप्पा त्यांच्याकडे वळले आणि मी त्या तीन दिवसांत प्रथमच त्यांच्या कानशिलावर घाम पाहिला.

"लिहा की तसं," सुभेदार म्हणाले. "त्या तयार आहेत. मला जागा मिळाल्याशी कारण. काय हरकत आहे?"

"तसं लिहिता येत नाही," वकील म्हणाले.

"का?"

वकील कागद गोळा करू लागले.

"का लिहिता येत नाही, वकीलसाहेब?"

उत्तर मला समजले होते. जागा अक्काची होती आणि आज ती देत आहे, असे लिहिले की ९ डिसेंबरला ती आप्पांची नव्हती, हे आप्पांच्याच सहीने कबूल होत होते. म्हणून त्या कागदात अक्का कधीच मालक असून चालणार नव्हते. मी तोंड उघडणार होतो; परंतु सुभेदारांच्या चेहऱ्याकडे पाहून थांबलो. ते स्वतःच तेथपर्यंत पोहोचत होते.

"आप्पा," ते म्हणाले, "जागा यांची होती, असं तुम्हाला लिहिता येत नाही. मग नऊ डिसेंबरला मी कुणाकडनं घेतली?"

"सुभेदारसाहेब, बाहेर बसून बोलू."

"इथंच सांगा."

"वहिनी," आप्पा म्हणाले, आणि आता त्यांचा आवाज पहिल्यांदाच बदलला, "सही कर. तुला खोलीतनं कोण काढत न्हाई. आयुष्यभर न्हाई काढत. ह्या बाईंसमोर सांगतो."

अक्काने त्यांच्याकडे पाहिले. रागाने पाहिले असे मी म्हणणार नाही. थोरल्या भावजयीने धाकट्या दिराकडे पाहावे तसेच पाहिले.

"माझी हुती असं लिव, आप्पा," ती म्हणाली. "एवढंच लिव."

आप्पांनी मान खाली घातली. निबंधकबाईंनी पुढच्या माणसाचे नाव पुकारले.

बाहेर आल्यावर सुभेदार पायऱ्यांवर उभे राहिले. त्यांची पत्नी शेजारी येऊन उभी राहिली. ती हळूच म्हणाली, "पैसं गेलं म्हणून समजा." ते म्हणाले, "हो." मग त्यांनी टोपी घातली आणि पोलीस ठाण्याच्या दिशेने निघाले. मी मागोमाग गेलो, तेव्हा त्यांनी हात आडवा केला.

"तुम्ही नको. तक्रार माझी आहे."

त्याच संध्याकाळी अक्का दोन ट्रंका घेऊन माझ्याबरोबर कोल्हापूरला आली. एस.टी.त मी एकदाच विचारले, कालपर्यंत द्यायला तयार होतीस, मग एका ओळीवर का अडलीस. ती खिडकीबाहेर पाहत राहिली. मला वाटले, तिने ऐकले नाही.

पहिला दस्त रद्द व्हायला फारसा वेळ लागला नाही, कारण दिवाणी न्यायालयात सुभेदारांनी स्वतः उभे राहून हरकत नसल्याचे सांगितले. फौजदारी खटला मात्र सहा वर्षे चालला. त्यात फिर्यादी सुभेदार होते. अक्का होती साक्षीदार क्रमांक तीन. तिची जागा विकली गेली होती. परंतु न्यायालयाच्या लेखी तिची फसवणूक झालेली नव्हती, आणि आप्पांच्या वकिलांनी उलटतपासणीत नेमके तेच पकडले. आता दुसरे, जिल्ह्याच्या ठिकाणचे वकील होते.

"आरोपीनं तुम्हाला कधी खोटं सांगितलं का?"

"न्हाई."

"तुमच्याकडून खोटं बोलून काही घेतलं?"

"न्हाई."

"म्हणजे आरोपीविरुद्ध तुमची काही तक्रार नाही?"

सरकारी वकिलांचा चेहरा पडला. आप्पा आरोपीच्या पिंजऱ्यात बसले होते. त्यांचे केस पूर्ण पिकले होते. अक्काने त्यांच्याकडे पाहिले नाही. ती न्यायाधीशांकडे पाहत होती.

"साहेब, माझ्या मालकानं पगारातनं सात वर्सं पैसं बाजूला टाकून ती जागा माझ्या नावावर घेतली," ती म्हणाली. "मला पोर न्हाई म्हणून सासू मला घालवून द्यायला निघाली हुती, तवा घेतली. म्हणाला, तुझं म्हणून एक असू दे. आप्पानं मागितली असती तर मी दिली असती. जागेचं काय न्हाई. पण माझ्या मालकानं मला कधी काय दिलंच न्हाई, असं मी कशी लिवून देऊ?"

वकील म्हणाले, "एवढंच," आणि खाली बसले.

मी मागच्या बाकावर होतो. पोर नाही म्हणून तिला घरातून काढायला निघाले होते, हे मला तिचा सख्खा भाऊ असून त्या दिवशी, तीसेक वर्षांनी, न्यायालयात समजले. मेहुण्यांनी जागा मुद्दाम तिच्या नावाने घेतली हे मला ठाऊक होते. कशासाठी, हे मी कधी विचारले नव्हते.

९ ऑगस्ट २०१६ रोजी निकाल लागला. बनावट दस्ताचा आरोप मुळात ठेवलेलाच नव्हता. फसवणुकीचे कलम सिद्ध झाले. आप्पासाहेब मगदूम यांना सक्तमजुरी झाली: दोन वर्षे.